फ्रीज चालू आहे, पण थंड होत नाही? मेकॅनिकला बोलावण्याआधी या तपासण्या करा

फ्रीजचा लाइट लागतो, आवाजही येतो, पण बाटलीतलं पाणी काही गार होत नाही. मोशी, चिखली, भोसरी, चाकण या भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हा प्रॉब्लेम उन्हाळ्यात हमखास येतो. फ्रीज बऱ्याचदा सेकंड हँड असतो, दर ११ महिन्यांनी टेम्पोत चढतो-उतरतो, आणि चार रूममेट मिळून एकाच फ्रीजचं दार दिवसभर उघडत असतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, फ्रीज रिपेअर करत नाही. पण बिघाड शोधायची पद्धत दोन्हीकडे तीच आहे: आधी मोजा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि परिणाम बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. या लेखात आपण याच क्रमाने जाऊ. कुठपर्यंत स्वतः बघायचं आणि कुठे थांबायचं, तेही सांगतो.

फ्रीज नेमकं काय करतो?

फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर फेकतो. त्यासाठी चार मुख्य भाग लागतात:

१. कॉम्प्रेसर: मागे खाली असलेला काळा डबा. हा गॅस दाबतो, त्यामुळे गॅस गरम होतो.
२. कंडेन्सर: मागची काळी जाळी, किंवा नव्या फ्रीजमध्ये बाजूच्या पत्र्याआड लपवलेल्या नळ्या. इथे गॅस आपली उष्णता खोलीत सोडतो आणि द्रव होतो.
३. कॅपिलरी: केसासारखी बारीक नळी. इथून पुढे दाब एकदम कमी होतो.
४. इव्हॅपोरेटर: फ्रीजरमधला भाग. इथे द्रवाचा परत गॅस होतो आणि तो आतली उष्णता शोषून घेतो.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, फ्रीजच्या बाजू कोमट लागणं नॉर्मल आहे, ती बाहेर फेकलेली उष्णता असते. दोन, खोली जितकी तापलेली तितकं फ्रीजचं काम अवघड. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी फ्रीज जास्त वेळ चालणारच.

आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा गॅस असतो. जुन्यांमध्ये आर-१३४ए मिळतो. आयसोब्युटेन पेट घेणारा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

किती थंड हवं, आणि मोजायचं कसं?

खालच्या कप्प्यात ४ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि फ्रीजरमध्ये उणे १८ अंश, हे लक्ष्य धरा. हात लावून "गार वाटतंय" म्हणणं म्हणजे मोजणं नव्हे. १२ अंशाची बाटलीसुद्धा उन्हातून आलेल्या माणसाला गार लागते.

प्ले स्टोअरवर थर्मामीटर नावाची भरपूर अ‍ॅप्स आहेत. त्यांच्या नादी लागू नका. बहुतेक फोनमध्ये बाहेरच्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो. ही अ‍ॅप्स एकतर बॅटरीचं तापमान दाखवतात, नाहीतर इंटरनेटवरून तुमच्या गावाचं हवामान आणतात. २०१३ च्या गॅलेक्सी एस४ मध्ये असा सेन्सर होता, पण तो अपवाद. फोन फ्रीजमध्ये ठेवून बघायचा प्रयोग तर करूच नका. बाहेर काढल्यावर दमट हवेत त्यात पाणी धरू शकतं.

त्याऐवजी दोन-तीनशे रुपयांत वायरवाला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो घ्या. ग्लासभर पाण्यात त्याचं टोक बुडवून ग्लास मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडण्याआधी आकडा वाचा. पाण्यात ठेवायचं कारण असं, की दार उघडलं की हवेचं तापमान लगेच उड्या मारतं, पाण्याचं मारत नाही. आणि पदार्थ पाण्यासारखेच वागतात.

आधी आतलं सामान वाचवा

फ्रीज नंतर दुरुस्त होईल. आत काय आहे ते आधी बघा.

वीज गेली असेल तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण ४ तास थंडावा धरतो. भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. दूध, पनीर, मटण, शिजवलेला भात, भाजी ५ अंशाच्या वर २ तासांपेक्षा जास्त राहिली असेल, तर ती खाऊ नका. वास घेऊन ठरवू नका, कारण आजारी पाडणारे सगळे जंतू वास सोडत नाहीत.

औषधांचं जास्त गंभीर आहे. माझी आई अंबाजोगाईहून दोन महिन्यांसाठी मोशीला आली होती, तेव्हा तिच्या इन्सुलिनचे पेन आमच्या डबल डोअर फ्रीजमध्ये होते. त्या आठवड्यात वर बर्फ व्यवस्थित होता, पण खाली थर्मामीटरवर १३ अंश दिसत होते. फोनवर एका मेकॅनिकने न बघताच सांगितलं, "गॅस गेलाय, साडेतीन हजार होतील." आई म्हणाली, "अरे, एवढ्या महागाचं औषध, फेकून द्यायचं का आता?"

याचं उत्तर सगळ्यांनाच उपयोगी आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशात ठेवायचं असतं. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशाच्या खाली साधारण चार आठवडे चालतं. नक्की मुदत आणि तापमान प्रत्येक ब्रँडच्या आतल्या कागदावर छापलेलं असतं. त्यामुळे काही तास १३ अंशात राहिलं म्हणून ते लगेच कचऱ्यात जात नाही. पण किती तास आणि किती तापमान, हे लिहून घेऊन केमिस्टला किंवा डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनाच ठरवू द्या. आम्ही तेच केलं आणि पेन शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये हलवले. उलट इन्सुलिन गोठलं, तर मात्र ते वापरायचंच नाही, पुन्हा वितळलं तरीही. म्हणून ते फ्रीजरमध्ये किंवा मागच्या भिंतीला टेकवून कधीच ठेवू नका.

दहा मिनिटांच्या तपासण्या (पाना-स्क्रू ड्रायव्हर न घेता)

या क्रमाने करा. एक बदल केला की पुढचे १२ तास थांबून आकडा पुन्हा घ्या.

१. सेटिंग: आतला नॉब कोणीतरी १ वर आणलाय का? पावसाळ्यात कमी केलेला नॉब उन्हाळ्यात तसाच राहतो. डिजिटल पॅनेल असेल तर शोरूमचा डेमो मोड चालू नाही ना, ते मॅन्युअलमध्ये बघा. त्यात लाइट आणि पॅनेल चालतं, पण कूलिंग होत नाही.

२. प्लग: फ्रीज थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये हवा. फ्रीज, मिक्सर आणि राउटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, हे बॅचलर फ्लॅटमधलं नेहमीचं चित्र. प्लग गरम किंवा काळा पडलेला दिसला, तर तो लगेच बंद करा.

३. दाराचं रबर: रात्री खोलीत अंधार करा. फोनची टॉर्च लावून तो पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, दार लावा आणि चारही बाजूंनी बघा. प्रकाश दिसला तिथून गरम हवा आत जाते. तपासून झालं की फोन लगेच काढा. दुसरी टेस्ट म्हणजे दारात कागद धरून ओढा. सहज निघाला, तर तिथलं रबर सैल आहे. आधी कोमट साबणपाण्याने पुसा, कारण बऱ्याचदा नुसता चिकटा असतो. रबर फाटलेलं असेल तर बदलून मिळतं.

४. लेव्हल: फ्रीज पुढून किंचित उंच हवा, म्हणजे दार आपोआप लागतं. पुढचे पाय फिरवून हे करता येतं.

५. मागची जागा: भिंत आणि फ्रीजमध्ये साधारण १० सेंटिमीटर अंतर ठेवा. मागे जाळी असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांनी हे दर दोन महिन्यांनी करायला हरकत नाही.

६. भरणा: फ्रीज कपाटासारखा ठासून भरला, तर आत हवा फिरत नाही. डबल डोअरमध्ये मागच्या भिंतीवर हवेच्या खिडक्या असतात, त्यांच्यासमोर पातेलं नको. चाकणच्या बाजारातून आणलेले कांदे-बटाटे फ्रीजमध्ये लागतच नाहीत, ते बाहेर कोरड्या हवेशीर जागी चांगले टिकतात. आणि गरम वरणाचा कुकर थेट आत नको.

७. शिफ्टिंग: फ्रीज टेम्पोत आडवा करून आणला असेल, तर उभा करून लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये गेलेलं असतं. किमान काही तास, जास्त वेळ आडवा असेल तर पूर्ण दिवस, उभा राहू द्या.

लक्षणावरून बिघाड ओळखा

*लाइटसुद्धा लागत नाही:* सॉकेटमध्ये फोनचा चार्जर लावून बघा. तोही चालला नाही, तर प्रॉब्लेम फ्रीजचा नाही, बोर्डाचा किंवा एमसीबीचा आहे.

*लाइट लागतो, कॉम्प्रेसर गप्प:* डबल डोअरमध्ये दिवसातून काही वेळ डीफ्रॉस्टसाठी कॉम्प्रेसर बंद असतो, म्हणून तासभर वाट बघा. सिंगल डोअरमध्ये डीफ्रॉस्टचं बटण दाबलं गेलं असेल, तर बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद राहतो. तरीही सुरू होत नसेल, तर थर्मोस्टॅट किंवा सर्किट बोर्ड.

*दर काही मिनिटांनी "टक" आवाज, मग शांतता:* कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड त्याला बंद करतोय. कारणं तीन: व्होल्टेज कमी, रिले खराब, किंवा कॉम्प्रेसर जाम. रिले स्वस्त असतो, कॉम्प्रेसर महाग. म्हणून हा फरक मेकॅनिककडून तपासूनच घ्या. अशा अवस्थेत फ्रीज चालू ठेवू नका.

*डबल डोअर: वर बर्फ, खाली गरम:* यात गॅस जायची शक्यता कमी असते, कारण गॅस गेला असता तर वरही बर्फ टिकला नसता. या फ्रीजमध्ये थंडी फक्त वर तयार होते आणि पंखा ती खाली ढकलतो. मागच्या पॅनेलआड बर्फ साचला किंवा पंखा थांबला, की खालचा कप्पा गरम होतो. आमच्याकडे हेच होतं. उपाय असा: सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून २४ तास थांबा आणि खाली जुने टॉवेल अंथरा. मग चालू करून रात्रभर थांबा. आमचा आकडा १३ वरून ५ वर आला. पण पाच दिवसांत पुन्हा चढायला लागला. याचा अर्थ, बर्फ आपोआप वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर खराब आहे. बर्फ हा परिणाम होता, कारण नव्हे. नवा सेन्सर बसवला आणि काम झालं. साडेतीन हजारांच्या गॅसची गरजच नव्हती.

*सिंगल डोअर: फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर:* बर्फ स्वतःच उष्णता अडवतो. अर्धा सेंटिमीटर जाडीचा झाला की डीफ्रॉस्ट करा. सुरी, उलथणं, स्क्रू ड्रायव्हर लावून बर्फ खरवडू नका. आतल्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. एक भोक पडलं की गॅस बाहेर, आणि दुरुस्ती बऱ्याचदा परवडत नाही.

*सिंगल डोअर: फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ, बाकी कोरडा:* गॅस कमी झाल्याचं हे ठळक लक्षण आहे.

*कॉम्प्रेसर सतत चालू, वर-खाली दोन्ही गरम:* आधी बाजूच्या पत्र्यांना किंवा मागच्या जाळीला हात लावा. खूप गरम असतील, तर धूळ किंवा जागेचा प्रश्न बघा. तासभर चालूनही त्या अजिबात कोमट झाल्या नाहीत, तर गॅस गळालाय किंवा कॉम्प्रेसर दाब देत नाही. इथून पुढे मेकॅनिकचं काम. एक लक्षात घ्या, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळू वेगाने जवळजवळ सतत चालतो. कूलिंग नीट असेल, तर तो बिघाड नाही.

फोनचा खरा उपयोग इथे आहे

- रेटिंग प्लेटचा फोटो: आतल्या भिंतीवर किंवा मागे स्टिकर असतो. त्यावर मॉडेल, सीरियल नंबर, गॅसचा प्रकार आणि ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं. 'टी' हा क्लायमेट क्लास असेल, तर तो फ्रीज ४३ अंशापर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला आहे. 'एन' असेल तर फक्त ३२ पर्यंत.
- आवाजाचं रेकॉर्डिंग: "टक" आवाज मेकॅनिक आला की नेमका येत नाही. दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा.
- लुकलुकणारी एलईडी: काही इन्व्हर्टर फ्रीजमध्ये मागच्या बोर्डवर एलईडी ठरावीक वेळा लुकलुकते, तो एरर कोड असतो. स्लो मोशन व्हिडिओ काढून मोजा.
- स्मार्ट प्लग: वीज मोजणारा १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग मित्राकडून एक दिवस आणा. ग्राफ म्हणजे फ्रीजचा लॉग. रेषा वर-खाली होत असेल, तर कॉम्प्रेसर चालू-बंद होतोय, ठीक आहे. काही सेकंदांचे उंच टोचे आणि मधे शून्य, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही. दिवसभर सपाट रेषा आणि आकडा गरम, म्हणजे काम चालू आहे पण थंडी तयार होत नाही. प्लगवरून फ्रीज रिमोटने चालू-बंद करत बसू नका.

विजेचं गणित

घरात २३० व्होल्टच्या आसपास वीज यायला हवी. फ्रीजवर "स्टॅबिलायझर फ्री" लिहिलेलं असलं, तरी त्याची एक रेंज असते, ती मॅन्युअलमध्ये बघा. व्होल्टेज त्याबाहेर जात असेल तर स्टॅबिलायझर लावा आणि महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवा.

आपल्याकडे महावितरणची देखभालीची कामं बहुतेक गुरुवारी असतात. त्या दिवशी वीज ये-जा करते. वीज गेली की लगेच आली, तर कॉम्प्रेसरमधला दाब अजून समान झालेला नसतो आणि त्याला सुरू व्हायला फार जोर लागतो. जुन्या फ्रीजचा स्विच बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर हेच आपोआप करतो.

मेकॅनिक बोलावताना

पहिला धोका फोनवरच आहे. सर्चमध्ये "फ्रीज कस्टमर केअर" टाकल्यावर वर दिसणारा नंबर खोटा असू शकतो. नंबर कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून, वॉरंटी कार्डवरून किंवा फ्रीजवरच्या स्टिकरवरून घ्या. "दहा रुपये भरून बुकिंग करा" अशी लिंक किंवा स्क्रीन शेअरिंग अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कॉल करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

दुसरा धोका "गॅस भरा" हा. फ्रीजची नळी सीलबंद असते, गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. म्हणून चार प्रश्न विचारा:

१. गळती कुठे आहे, ती दाखवाल का?
२. नवा फिल्टर टाकणार का?
३. व्हॅक्यूम पंप लावणार का?
४. गॅस वजन करून, प्लेटवर छापलेल्या ग्रॅमइतकाच भरणार का?

चारही उत्तरं "हो" नसतील, तर तो गॅस काही महिन्यांत पुन्हा जाईल. आर-६००ए असेल तर काम खिडक्या उघडून, घरातला गॅस आणि देवघरातला दिवा बंद ठेवूनच व्हायला हवं. बदललेला जुना पार्ट मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या.

वॉरंटी वाचताना हेही बघा: "कॉम्प्रेसरवर १० वर्षं" याचा अर्थ बऱ्याचदा फक्त कॉम्प्रेसर फुकट, गॅस आणि मजुरी वेगळी. वॉरंटीत असूनही टाळाटाळ होत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

दुरुस्ती की नवा?

सेन्सर, रिले, पंखा, रबर, थर्मोस्टॅट हे बहुतेक वेळा दुरुस्त करण्यासारखे. दहा वर्षांपेक्षा जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला किंवा भिंतीच्या आतल्या नळीत गळती असेल, तर नव्याचा विचार करा. आपल्या आजूबाजूलाच फ्रीज बनतात, रांजणगावला एलजी, व्हर्लपूल आणि हायरचे, शिरवळला गोदरेजचे कारखाने आहेत. त्यामुळे चालू मॉडेलचे पार्ट मिळतील का, हे सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय "पार्ट मिळत नाही" यावर विश्वास ठेवू नका. जुना फ्रीज एक्स्चेंजमध्ये किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या. भंगारवाला नळी कापतो, तेव्हा पेटणारा गॅस तिथेच बाहेर पडतो.

थोडक्यात

मोजा, सामान आणि औषधं हलवा, सात साध्या तपासण्या करा, लक्षण लिहून घ्या, मगच मेकॅनिकला फोन करा. शॉक लागतोय, जळका वास येतोय किंवा ठिणगी दिसली, तर यातलं काहीही करत बसू नका. फ्रीजला हात न लावता थेट एमसीबी खाली करा. आणि मेकॅनिक दुरुस्त करून गेल्यावर त्या रात्री ग्लासात थर्मामीटर पुन्हा ठेवा. सकाळी ५ किंवा त्याखाली आकडा आला, तर दुरुस्ती झाली म्हणायची.